एफआयआरमध्ये फक्त सुपरवायझर. मालकाचं नाव कुठे आहे?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): माझा मोठा भाऊ, वय ३०, रायगड जिल्ह्यातल्या एका केमिकल कंपनीत कंत्राटदाराकडून कामाला होता. पगार १६ हजार. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याला ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटच्या) टाकीत गाळ काढायला उतरवलं. काही मिनिटांतच तो आत कोसळला, वर काढेपर्यंत सगळं संपलं होतं. पोलिसांनी कंत्राटदार आणि शिफ्ट सुपरवायझरवर कलम १०६ (निष्काळजीपणामुळे मृत्यू) लावलंय. कंपनीचे एचआरवाले दोनदा घरी येऊन गेले. दहा लाख देतो म्हणतात, पण वहिनीने ५०० च्या स्टॅम्पपेपरवर ‘अपघात त्याच्याच चुकीने झाला, कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असं लिहून द्यायचं. ‘डायरेक्टर मुंबईत बसतात, त्यांचा काय संबंध’ असंही ऐकवून गेले. वहिनीला दोन लहान मुलं आहेत. सही करावी का? आणि मालकाला खरंच शिक्षा होते, की सुपरवायझरच लटकतो?

उत्तर:

सही करू देऊ नका. ना स्टॅम्पपेपरवर, ना कोऱ्या कागदावर, ना ‘फक्त पैसे मिळाल्याची पोच आहे’ म्हणून पुढे केलेल्या पावतीवर. वकिलाने वाचल्याशिवाय वहिनींनी काहीच लिहून द्यायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा. असे कागद बऱ्याचदा सासऱ्यांकडून किंवा गावातल्या एखाद्या वजनदार माणसाकरवी पुढे सरकवले जातात.

दहा लाखांचं आधी बघू, कारण सगळा दबाव त्याच आकड्याचा आहे. भावाला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू नसेल, तर कर्मचारी भरपाई कायद्याचा हिशोब असा: पगाराच्या निम्मे गुणिले वयाचा गुणक. पगार १६ हजार असला तरी कायदा १५ हजारच धरतो, म्हणजे निम्मे ७,५००. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार १५,५९,८५० रुपये. म्हणजे कंपनी जे ‘देतेय’ ते वहिनींच्या हक्कापेक्षा साडेपाच लाखांनी कमी आहे, आणि वर गप्प बसण्याची अट. मृत्यूच्या बाबतीत ही रक्कम परस्पर हातात देऊन चालत नाही, ती भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. परस्पर फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल देता येते. हक्क सोडून देणारा करार याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे रद्दबातल ठरतो. महिन्याभरात पैसे जमा झाले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड वेगळा. ‘त्याच्याच चुकीने’ हे शब्द कंपनीला हवेत ते फौजदारी खटल्यासाठी. भरपाईच्या बाबतीत, कामगाराचा मृत्यू झाला असेल तर त्याने सूचना मोडल्याचा बचाव मालकाला मिळतच नाही.

पगारपत्रकावर ईएसआयचा विमा क्रमांक असेल तर रस्ता बदलतो. मग भरपाई आयुक्तांकडे न जाता ही योजना चालवणाऱ्या ईएसआयसीकडे आश्रितांचा लाभ मागायचा: सरासरी रोजाच्या ९० टक्के दराने दरमहा, त्यात पाचपैकी तीन हिस्से विधवेला, दोन-दोन हिस्से प्रत्येक मुलाला, आणि बेरीज पूर्ण दराच्या वर गेली तर सगळ्यांचे हिस्से त्या प्रमाणात कमी. क्रमांक नसला तरी ‘ईएसआय नाही’ असं धरून बसू नका. कारखाना त्या योजनेत येतो का हे ईएसआयसीच्या शाखेत विचारून घ्या. कंत्राटदाराने हप्ते भरले नाहीत म्हणून हक्क बुडत नाही.

पैशांचं एवढंच. तुमचा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे.

मालकाला शिक्षा व्हायची तर ती दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी होते. बहुतेक कुटुंबं सगळी ताकद एकाच रस्त्यावर लावतात, आणि तो नेमका मालकापर्यंत कमी पोहोचणारा असतो. तो रस्ता म्हणजे पोलिसांचा. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), निष्काळजीपणामुळे मृत्यू, शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि दंड. इथे एकेका आरोपीची स्वतःची निष्काळजी कृती दाखवावी लागते आणि ती मृत्यूचं थेट कारण असावी लागते. मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्यात १९६२ साली आग लागून सात कामगार गेले. परवाना नसलेल्या पद्धतीने, उघड्या बर्नरवर, ज्वालाग्राही माल शेजारी ठेवून काम चाललं होतं. तरीही सुप्रीम कोर्टाने १९६५ साली कुर्बान हुसेन खटल्यात मॅनेजर-भागीदाराला मृत्यूच्या आरोपातून सोडलं, कारण आगीचं थेट कारण दुसऱ्या कामगाराची त्या क्षणाची कृती होती असं ठरलं. आगीबाबतच्या निष्काळजीपणाची छोटी शिक्षा तेवढी कायम राहिली. तुमच्या कंपनीचा वकील हाच निकाल घेऊन उभा राहील. सोबत २०१५ चा सुनील भारती मित्तल निकालही असेल: कायद्यात तशी स्पष्ट तरतूद नसेल, तर नुसतं डायरेक्टर आहे म्हणून कंपनीचा गुन्हा त्याच्या डोक्यावर टाकता येत नाही, त्याचा स्वतःचा सहभाग दाखवावा लागतो. ‘डायरेक्टर मुंबईत बसतात’ हे एचआरवाल्याचं वाक्य त्याने सहज उच्चारलेलं नाही.

दुसरा रस्ता कारखाने अधिनियम १९४८ चा, म्हणजे फॅक्टरी इन्स्पेक्टरचा. इथे ‘तशी स्पष्ट तरतूद’ आहे. प्रत्येक कारखान्याला एक भोगवटादार असतो, कारखान्याचे लोक त्याला ऑक्युपायर म्हणतात. कंपनी असेल तर तो डायरेक्टरांपैकीच एक असावा लागतो. मॅनेजरला किंवा एखाद्या अधिकाऱ्याला पुढे करून चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जे. के. इंडस्ट्रीज खटल्यात १९९६ मध्येच निकाली काढलं आहे. सुरक्षेचं कलम मोडलं गेलं की भोगवटादार आणि मॅनेजर दोघेही जबाबदार. तो तिथे हजर होता का, त्याला माहीत होतं का, हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागत नाही. सुटायचं असेल तर कलम १०१ खाली त्यानेच खरा दोषी कोर्टासमोर उभा करून, मी सगळी खबरदारी घेतली होती आणि हे माझ्या नकळत घडलं, असं सिद्ध करायचं. तुमचा भाऊ कंत्राटदाराचा माणूस होता याने काही फरक पडत नाही. ‘कामगार’ या व्याख्येत कंत्राटदारामार्फत घेतलेला माणूस येतोच, मूळ मालकाला त्याची कल्पना नसली तरी.

या रस्त्याला मुदत आहे, आणि ती फार छोटी आहे. गुन्हा इन्स्पेक्टरला कळल्यापासून तीन महिन्यांत कोर्टात तक्रार दाखल झाली पाहिजे, आणि ती इन्स्पेक्टरने किंवा त्याच्या लेखी मंजुरीनेच करायची असते. तुम्हाला थेट करता येत नाही. १४ ऑक्टोबरला त्यांना कळलं असं धरलं तर १४ जानेवारी २०२६. हे उत्तर डिसेंबरच्या सुरुवातीला लिहितोय, म्हणजे हातात जेमतेम सहा आठवडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाच्या जागी नवी व्यवसायिक सुरक्षा संहिता आली आहे. पण गुन्हा घडला त्या दिवशी जो कायदा होता त्याचीच शिक्षा लागते, म्हणून तुमचं प्रकरण जुन्या कायद्यात राहील. कोणी ‘आता कायदाच बदलला, थांबा’ म्हणालं तर थांबू नका, जुनीच मुदत धरून चाला.

तेव्हा या आठवड्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या, म्हणजे फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या, रायगड कार्यालयात वहिनींच्या सहीचा अर्ज द्या. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. तीच प्रत मुंबईच्या मुख्य कार्यालयाला स्पीड पोस्टने पाठवा. अर्ज लांबवू नका. मुद्दे एवढेच:

‘माझे पती दि. १४/१०/२०२५ रोजी आपल्या कार्यक्षेत्रातील कारखान्यात ईटीपी टाकीत उतरवले असता मृत्यू पावले. (१) कलम ८८(२) प्रमाणे एक महिन्यात करावयाची चौकशी झाली का, तिची प्रत मिळावी. (२) कलम ३६ चा भंग झाल्याने भोगवटादार व व्यवस्थापक यांच्यावर कलम १०६ मधील तीन महिन्यांच्या मुदतीत खटला दाखल करावा. (३) कारखाना धोकादायक प्रक्रियेच्या यादीत येत असल्यास कलम ४१ब व ४१क यांचा भंग तपासून कलम ९६अ लावावे. (४) परवान्यावरील भोगवटादाराचे नाव कळवावे.’

दुसऱ्या मुद्द्यातलं १०६ हे कारखाने अधिनियमाचं, मुदतीचं कलम. न्याय संहितेचं १०६ वेगळं. आकडा योगायोगाने एकच असल्यामुळे कारकूनही गोंधळतात, म्हणून अर्जात कायद्याचं नाव प्रत्येक वेळी लिहा.

तिसरा मुद्दा सोडू नका. साध्या कलम ९२ ची शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मृत्यू झाला असेल तर दंड निदान २५ हजार. माणसाच्या जिवापुढे हा आकडा लाजिरवाणा आहे. नव्या संहितेत मृत्यूसाठी किमान पाच लाख दंड आहे आणि त्यातला निम्मा किंवा अधिक वारसांना देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं, पण तो तुम्हाला लागू होणार नाही. कलम ९६अ मात्र जुन्या कायद्यातही सात वर्षांपर्यंत जातं. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगाराला धोक्याची माहिती दिली नाही (४१ब) किंवा धोकादायक माल हाताळणाऱ्यांवर देखरेखीला अनुभवी, पात्र माणूस नेमला नाही (४१क), तर ते लागतं. केमिकल कारखाने बहुधा त्या यादीत असतात. इन्स्पेक्टरने आपणहून ९६अ लावल्याचं कमी दिसतं, म्हणून ते मागावं लागतं.

आता टाकीचं बघू, कारण दोन्ही खटले शेवटी तिथेच ठरतात. ईटीपीच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड अडकून असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं, आतल्या माणसाला वाटतं गॅस गेला. हजारच्या आसपास एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. वरून मीटर धरला तर सगळं ठीक दिसतं, आणि फावडं मारलं की गाळातून एकदम सुटतो. काम सुरू असताना सतत तळाशी मोजायला हवं, सकाळी तोंडाशी एकदा मोजून भागत नाही. म्हणून कलम ३६ म्हणतं: टाकीतला वायू काढण्याचे सगळे उपाय झाल्याशिवाय, आणि सक्षम माणसाने स्वतः तपासून लेखी दाखला दिल्याशिवाय कोणाला आत सोडायचं नाही. नाहीतर आत जाणाऱ्याला श्वसनयंत्र आणि कमरेला पट्टा हवा, आणि पट्ट्याच्या दोरीचं दुसरं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात हवं.

कारखान्यात या दाखल्याला वर्क परमिट म्हणतात. भाऊ गेला त्या दिवशीचा परमिट हा तुमच्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद, आणि मागाहून तयार होण्याची सगळ्यात जास्त शक्यता त्याचीच. पोलिसांनी एक सुटा कागद नाही, सगळं परमिट बुक जप्त केलं पाहिजे. अनुक्रमांक सलग आहेत का, कार्बनची खालची प्रत जागेवर आहे का, आदल्या आणि पुढच्या परमिटच्या वेळा जुळतात का, हे बुकावरूनच कळतं. परमिटवर ‘ऑक्सिजन २०.९, एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) शून्य’ लिहिलेलं असेल तर गॅस मीटर जप्त करायला सांगा. बऱ्याच मीटरमध्ये मोजणीची नोंद वेळेसह राहते. मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट संपलेलं निघालं तर तो आकडा तसाही टिकत नाही. यासोबत गेटचं रजिस्टर, कंत्राटदाराची वर्क ऑर्डर (टाकीत उतरण्याचं काम तीत होतं का?), सेफ्टी कमिटीच्या बैठकांची इतिवृत्तं, आधीच्या तपासणीत इन्स्पेक्टरने मारलेले शेरे, सुरक्षा ऑडिटचा अहवाल. सीसीटीव्हीवर जुनं रेकॉर्डिंग काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. डीव्हीआर (हे रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) अजून जप्त नसेल तर आजच लेखी मागणी करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

टाकीत कारखान्याच्या संडासांची लाइन येत होती का, हेही विचारा. ती सेप्टिक टँक किंवा गटार ठरली तर २०१३ चा हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा लागतो, आणि सुप्रीम कोर्टाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूंसाठी ३० लाखांची भरपाई ठरवली आहे. नुसतं केमिकलचं सांडपाणी असेल तर तो कायदा बसवणं कठीण.

पोलिसांकडे दुसरा अर्ज द्यायचा. कलम १०६ बरोबरच कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, तपासावं अशी मागणी त्यात असावी. फरक मोठा आहे: १०६ जामीनपात्र, १०५ अजामीनपात्र आणि दहा वर्षांपर्यंत. पण १०५ साठी मृत्यू होण्याची शक्यता आहे हे आरोपीला माहीत होतं, हे दाखवावं लागतं. भोपाळमध्ये नेमकं हेच हातातून निसटलं. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘माहीत होतं’ हे दाखवणारा पुरावा आरोपपत्रात नाही म्हणून गंभीर कलम काढलं आणि निष्काळजीपणाचं ठेवलं. मग ७ जून २०१० ला, वायुकांडानंतर पंचवीस वर्षांनी, युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष केशुब महिंद्रा आणि इतरांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. तेव्हा पुरावा शोधायचा तो लेखी माहितीचा: त्याच टाकीत आधी कोणी चक्कर येऊन पडलं होतं का, सेफ्टी ऑफिसरने गॅस मीटर किंवा श्वसनयंत्रांची मागणी केली होती का, ती कोणी आणि काय शेरा मारून परत पाठवली. ‘बजेट नाही’ असा मुंबईहून आलेला एक ईमेल डायरेक्टरला मुंबईतून थेट त्या टाकीच्या तोंडाशी आणून उभा करतो. कुर्बान हुसेनच्या निकालाला उत्तर तिथे मिळतं: निष्काळजी कृती टाकीवर नाही, तर सहीच्या टेबलावर झाली.

डायरेक्टरांची नावं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर फुकट दिसतात, शंभर रुपये भरले की कागदपत्रंही उघडता येतात. पोलिसांच्या अर्जात मात्र सरसकट सगळ्या डायरेक्टरांची नावं टाकू नका. तशी यादी हायकोर्टात पहिल्याच सुनावणीला गळते आणि खऱ्या माणसालाही तिचा फायदा मिळतो. भोगवटादार, कारखाना व्यवस्थापक, खर्चाला मंजुरी देणारा आणि स्वतः कंपनी, एवढे पुरेत. कंपनीला आरोपी करायला विसरू नका. तिला तुरुंगात टाकता येत नाही, पण दंड होऊ शकतो, हे स्टँडर्ड चार्टर्ड खटल्यात २००५ मध्ये घटनापीठाने स्पष्ट केलं आहे. शिवाय कंपनी आरोपी असली की ‘ते रेकॉर्ड आमच्याकडे नाही’ म्हणणं तिलाच जड जातं.

ठाणेदार अर्ज घेत नसेल तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने, तिथेही हललं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे (कलम १९३). मृताची पत्नी कायद्याने ‘पीडित’ आहे, म्हणून तिला सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. आरोपपत्रात डायरेक्टर वगळलेला दिसला तर लगेच प्रोटेस्ट पिटिशन, म्हणजे पोलिसांच्या तपासावर कोर्टात हरकतीचा अर्ज. तेही फेटाळलं गेलं तरी साक्षीत नाव पुढे आल्यावर कलम ३५८ खाली कोर्ट त्याला आरोपी म्हणून बोलावू शकतं. वकिलाची फी परवडत नसेल तर अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. फोनवर १५१००.

साक्षीदारांची घाई करा. त्या टाकीवरचे सोबती बाहेरच्या राज्यातले असतील तर कंत्राटदार त्यांना गावी पाठवून देतो आणि खटला उभा राहीपर्यंत त्यांचा पत्ता लागत नाही. नाव, गाव, घरच्यांचा फोन आत्ता लिहून घ्या आणि त्यांचा जबाब कलम १८३ खाली मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवावा असा अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या. तो शिफ्ट सुपरवायझरही याच यादीत येतो. त्याच्याशी वैर धरू नका. ‘टाकी आजच रिकामी करा’ हा निरोप त्याला कोणी दिला, फोनवर की व्हॉट्सॲपवर, हे त्यालाच ठाऊक आहे. सगळं आपल्यावर ढकललं जातंय हे त्याच्या वकिलाला उमगलं, तर वर कोणी सांगितलं ते तोच कोर्टात मांडेल.

शिक्षा होते का, याचं खरं उत्तर द्यायचं तर भोगवटादार तुरुंगात जाताना क्वचित दिसतो. कारखाने अधिनियमाच्या खटल्यात नेहमी होतं ते असं: पहिल्या एक-दोन तारखांतच भोगवटादार गुन्हा कबूल करतो, दंड भरतो, आणि कुटुंबाला पत्ताही लागत नाही. मग न्याय संहितेच्या खटल्यात ‘एकाच गोष्टीची दोनदा शिक्षा नको’ असा बचाव येतो. तो टिकायला नको, दोन्ही गुन्ह्यांचे घटक वेगळे असले की दोन्ही खटले चालतात, असं सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्येच म्हटलेलं आहे. पण त्या कबुलीच्या तारखेला तुमचं कोणी तिथे असायला हवं. खटला दाखल झाला की इन्स्पेक्टरच्या कार्यालयातून केस नंबर घ्या, ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाका, आणि पहिल्याच तारखेला वहिनींच्या वकिलाने दोन गोष्टी लेखी मागाव्यात: मृत्यू झालेला असल्याने किमान दंडावर न थांबता कैदेचा विचार व्हावा, आणि दंडातून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली वारसांना रक्कम द्यावी. कबुलीजबाबाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी काढा. सुरक्षेचं कलम मोडल्याचं भोगवटादाराने स्वतः मान्य केल्याचा तो कागद, कलम १०६ च्या खटल्यात सरकारी वकिलाच्या हातात पोहोचला पाहिजे.